बारा प्राणी आणि आमचे बालवाचक

गेल्या वर्षावासात आमच्या विहाराच्या ग्रंथालयात बालवाङ्मयाची एक पेटी दाखल झाली. नालवाडीतून नोकरीनिमित्त परदेशी स्थायिक झालेल्या एका धम्मबंधूंनी, स्वतःची मुले मोठी झाल्यावर, त्यांची चित्रमय पुस्तके रविवारच्या बालवर्गासाठी पाठविली होती. त्यांत चिनी कालगणनेतील बारा प्राण्यांवरची पुस्तके बरीच निघाली. पुस्तके इंग्रजी; परंतु चित्रांना भाषेची अडचण नसते आणि मजकूर समजावून सांगण्यास वरच्या वर्गातील मुले होतीच. तीन रविवार मोठ्या आनंदात गेले. चौथ्या रविवारी मुलांना एका पुस्तकाच्या शेवटी जन्मवर्षांचा तक्ता सापडला. २०१९ साली जन्मलेल्या एका बालिकेच्या वाट्याला डुक्कर आले. शेजारी बसलेल्या मुलाने त्यावर जो शब्द उच्चारला, तो येथे छापण्याजोगा नाही. पण आपल्या वस्त्यांना तो शब्द कोणी, कोणत्या हेतूने चिकटविला, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही. "सर, मले डुक्कर नोको," एवढेच ती म्हणाली. सायंकाळी तिच्या आजी विहारात आल्या आणि ही पुस्तके मुलांच्या हाती देऊ नयेत, असे त्यांनी स्पष्ट बजावले.

आजींचे म्हणणे बरोबर की चूक, हे ठरविण्यापूर्वी ही पुस्तके नीट पाहणे आम्हास आवश्यक वाटले.

कथा थोडक्यात अशी. स्वर्गाचा सम्राट प्राण्यांना नदी ओलांडून येण्याची शर्यत लावतो. जो ज्या क्रमाने पोहोचेल त्या क्रमाने वर्षाला त्याचे नाव मिळेल. उंदीर बैलाच्या पाठीवर बसून येतो व शेवटच्या क्षणी पुढे उडी मारून पहिला ठरतो. मांजराला तो वाटेतच पाण्यात ढकलून देतो. त्यामुळे बारांत मांजर नाही. (व्हिएतनाममध्ये मात्र सशाच्या जागी मांजरच आहे. तेथील मुलांना ही कथा कशी सांगत असतील, याचे आम्हास कुतूहल आहे.) डॉन केसी यांचे २००६ सालचे 'द ग्रेट रेस' हे पुस्तक याच कथेचे आहे. ऑलिव्हर चिन यांनी २००६ मधील कुत्र्यापासून २०१७ मधील कोंबड्यापर्यंत दरवर्षी एक याप्रमाणे बारा प्राण्यांची मालिकाच पूर्ण केली. या सर्वांत चित्रकलेच्या दृष्टीने श्रेष्ठ आहे ते एड यंग यांचे १९९५ सालचे 'कॅट अँड रॅट'. कोळसा आणि पेस्टल यांनी रेखाटलेले त्यातील प्राणी अंधारातून अर्धे बाहेर आलेले दिसतात. तिएनत्सिन येथे जन्मलेल्या व शांघायमध्ये वाढलेल्या या चित्रकाराला विश्वासघाताची कथा गोंडस करून दाखविण्याची आवश्यकता भासली नाही. आमच्या वर्गातील लहान मुले त्या पानांपाशी गप्प झाली, हीच त्या चित्रांची पावती होय.

कथेत आम्हास सर्वांत आवडलेला प्रसंग ड्रॅगनचा. उडता येत असूनही तो पाचवा येतो. कारण तहानलेल्या भूमीवर पाऊस पाडण्यासाठी तो थांबतो आणि लाकडाच्या ओंडक्यावर अडकलेल्या सशाला फुंकर घालून तीरावर पोहोचवितो. चिनी भाषेत बौद्ध ग्रंथांचे अनुवाद झाले तेव्हा 'नाग' या शब्दासाठी याच प्राण्याचे नाव वापरले गेले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी नाग लोकांविषयी जे सांगितले, ते ज्यांना ज्ञात आहे त्यांनी हा दुवा मुलांना अवश्य सांगावा.

आता दोषांकडे वळू. काही कथनांत सम्राटाच्या जागी प्रत्यक्ष तथागतांना बसविलेले असते: महापरिनिर्वाणापूर्वी त्यांनी सर्व प्राण्यांना बोलाविले, बाराच आले, म्हणून त्यांना वर्षे बहाल केली. आपले काही लोक ही कथा अभिमानाने सांगतात. परंतु हा इतिहास नव्हे. चीनमधील हुबेई प्रांतात शुईहुदी येथे १९७५ साली उघडलेल्या थडग्यात इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील बांबूच्या पट्ट्या मिळाल्या. त्यांवर अशा प्राण्यांची यादी आहे, आणि तेव्हा बौद्ध धम्म चीनमध्ये पोहोचलाही नव्हता. त्या यादीचा उपयोग तर मोठा विलक्षण. चोरी कोणत्या दिवशी झाली त्यावरून चोर दिसावयास कसा असेल, हे ती सांगते: उंदराच्या दिवशीचा चोर टोकदार तोंडाचा, इत्यादी. माणसाच्या चेहऱ्यावर गुन्हा आधीच लिहून ठेवण्याची ही खोड केवळ चीनची नव्हे. १८७१ च्या कायद्याने आपल्याकडे जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या.

बौद्ध वाङ्मयात हे प्राणी नाहीतच असे मात्र नाही. पाचव्या शतकात धर्मक्षेम यांनी चिनीत आणलेल्या महासंनिपात सूत्राच्या भागात बारा प्राणी येतात; तेथे वाघाऐवजी सिंह आहे. ते पाळीपाळीने जंबुद्वीपात फिरून आपापल्या जातीच्या प्राण्यांना उपदेश करतात. शर्यत नाही, पहिला-शेवटचा नाही. एकाही बालपुस्तकाने ही कल्पना उचलू नये, याचे आम्हास वाईट वाटले.

खरा आक्षेप शेवटच्या पानावर आहे. कथा संपते आणि तक्ता सुरू होतो: अमुक वर्षी जन्मलेला धाडसी, तमुक वर्षी जन्मलेला आळशी. लेखक व प्रकाशक यांना ही निरुपद्रवी गंमत वाटते. ज्यांच्या पूर्वजांचे गुण, कर्म व जागा जन्मावरून ठरविली गेली, त्यांना ती गंमत वाटणे कठीण आहे. वसलसुत्त ज्या मुलांना पाठ करावयास लावावयाचे, त्यांच्याच हाती हा तक्ता कसा द्यावा? ब्रह्मजालसुत्तात ग्रहनक्षत्रांवरून, तसेच घोडा, बैल व कोंबडा यांच्या लक्षणांवरून भविष्य सांगण्यास 'तिरच्छानविज्जा' म्हटले आहे. हा शब्दही मूळ पशूवरूनच आलेला आहे.

अशी गंमत कोठवर जाते, त्याचे उदाहरण जपानचे. साठ वर्षांच्या चक्रातील 'अग्नी-घोडा' वर्षी जन्मलेली मुलगी पतीला घातक ठरते, असा तेथे समज होता. आपल्याकडील मंगळाच्या मुलीचीच ही बहीण. १९६५ साली जपानमध्ये सुमारे १८ लाख २० हजार बालके जन्मली; १९६६ या अग्नी-घोडा वर्षी सुमारे १३ लाख ६० हजार. कारखाने व वेगवान रेल्वेगाड्या असलेल्या देशाची ही स्थिती. तेच वर्ष चक्रानुसार २०२६ मध्ये पुन्हा येते.

वरच्या वर्गातील एका मुलाने तक्ता उलट्या दिशेने मोजत नेला आणि १८९१ हे सशाचे वर्ष असल्याचे शोधून काढले. ससा म्हणजे भिडस्त, भांडणतंटा टाळणारा, असे हे तक्ते सांगतात. मग त्याने १९२७ मोजले. महाडच्या चवदार तळ्याचे वर्षही सशाचेच! वर्गात जो हशा पिकला, त्याने आमच्या दहा व्याख्यानांचे काम केले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात वांग छुंग या चिनी विचारवंताने असाच प्रश्न केला होता. पाणी अग्नीला जिंकते असे मानता, उंदीर पाण्याचा आणि घोडा अग्नीचा, तर उंदीर घोड्याला का पिटाळीत नाही? चीनची ही बाजूही मुलांना कळली पाहिजे. सगळा चीन म्हणजे पत्रिका नव्हे.

यावर आपल्याजवळ काय आहे? जातककथा आहेत. त्या बुद्धचरित्राचा इतिहास म्हणून नव्हे, तर प्राचीन लोककथांचे भांडार म्हणून आम्ही वाचतो, हे येथे स्पष्ट करतो. दुर्गा भागवत यांनी 'सिद्धार्थ जातक' सात खंडांत मराठीत आणले; पण ते प्रौढांसाठी. 'अमर चित्र कथा'ने जातके मुलांपर्यंत नेली, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. तरी दीक्षाभूमीवरील पुस्तकांच्या दुकानांतून आम्ही हिंडलो तेव्हा सहा वर्षांच्या मुलाने स्वतः उलटावे असे मोठ्या चित्रांचे मराठी पुस्तक आमच्या हाती लागले नाही. ज्या प्रदेशात अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात महाकपिजातक भिंतीवर रंगविले गेले, तेथील ही अवस्था.

बारांपैकी बहुतेक प्राणी जातकांत भेटतात: नंदिविसाल बैल, अग्नीत उडी घेणारा ससा, श्राद्धासाठी नेला जात असता हसणारा व रडणारा मतकभत्तजातकातील बोकड. आणि डुक्करही. तुंडिलजातकात वाराणसीच्या वेशीजवळच्या गावातील एक म्हातारी कापसाच्या शेतातून टोपली भरून येत असता तिला दोन पिले सापडतात. टोपलीत घालून ती त्यांना घरी आणते, पोटच्या मुलांसारखी वाढविते. जुगारी पैसे देऊ करतात, तरी ती विकत नाही. तेव्हा तिला दारू पाजून ते धाकट्याला मागतात. मृत्यूच्या भयाने थरथरणाऱ्या धाकट्याला थोरला महातुंडिल धम्म सांगतो, आणि ते ऐकून जुगाऱ्यांच्या हातांतील फास गळून पडतात. पुढे राजा दोघांना पुत्रवत सांभाळतो. राजाच्या मृत्यूनंतर अरण्यात परतण्यापूर्वी महातुंडिल न्यायनिवाड्यासाठी एक ग्रंथ लिहवून घेतो व यापुढे त्यानुसार निर्णय करा, असे लोकांना सांगतो.

डुकराने कायद्याचा ग्रंथ सिद्ध केला, ही कल्पना अडीच-दोन हजार वर्षांपूर्वी कोणाला तरी सुचली आणि लोकांनी ती जतन केली.

पुस्तके आम्ही परत केलेली नाहीत. तक्त्यांची पाने आजींच्या समक्ष चिकटवून बंद केली. एड यंग यांचे पुस्तक मात्र कपाटात वरच्या खणात, थोड्या मोठ्या मुलांसाठी ठेवले. नंतरच्या रविवारी तुंडिलजातक सांगितले. आजी स्वतः कापूस वेचणीला जातात. म्हातारीची टोपली कशी असेल, हे त्यांनीच मुलांना हातांनी आकार करून दाखविले आणि दोन पिले त्यात मावतील का, यावर बराच वेळ वाद झाला. त्या बालिकेने काढलेले चित्र सध्या ग्रंथालयाच्या दारावर लावलेले आहे. त्यात टोपली डुकरांपेक्षा मोठी आहे आणि कापूस निळा आहे, कारण पांढरा खडू संपला होता.