रंगीत तेवढं खरं?

एकपडदा थिएटरात बॅटरी मारून खुर्ची दाखवणारा माणूस आता जवळपास नाहीसाच झाला. मल्टिप्लेक्सात पायऱ्यांनाच दिवे असतात. हा माणूस दिवसाला चार खेळ करायचा, पण अख्खा सिनेमा सलग क्वचितच पाहायचा. नायिका पावसात भिजत असताना तो उशिरा आलेल्या कुटुंबाला 'जी'ची रांग शोधून देत असायचा. कन्नड दिग्दर्शक पवन कुमार यांनी 2013 साली 'लुसिया' काढला तेव्हा नायक म्हणून नेमका हाच माणूस उचलला.

निक्की बंगळूरमधल्या एका मोडकळीला आलेल्या थिएटरात बॅटरी घेऊन उभा असतो. पगार बेताचा, मालकाच्या मागे देणेकऱ्यांचा लकडा, आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. एके रात्री त्याच्या हातात एक गोळी पडते. नाव लुसिया. गोळी घेतली की झोप लागते, मनातलं स्वप्न पडतं आणि दुसऱ्या रात्री ते काल जिथे तुटलं तिथूनच पुढे सुरू होतं. त्या स्वप्नात निक्की हा निखिल असतो, सिनेमातला मोठा स्टार. जागेपणी जिच्यासाठी झुरतो ती पिझ्झाच्या दुकानातली मुलगीही तिथे असते, फक्त वेगळ्या थाटात.

स्टारचं आयुष्य कृष्णधवल आणि थिएटरातलं रंगीत. इथेच आपण फसतो. (शेवट आधी कळलेला ज्यांना खपत नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं.) स्वप्न आणि आठवण म्हटली की रंग उतरवायचे, हे सिनेमाने आपल्याला इतकी वर्षं शिकवलं आहे की रंगीत तेवढं खरं, असं आपण विचार न करता धरून चालतो. 'लुसिया'त ते उलटं निघतं. कृष्णधवल आयुष्य खरं असतं, आणि रंगीत थिएटर, ती बॅटरी, तो मालक, ती पिझ्झावाली हे सगळं त्या थकलेल्या स्टारला पडलेलं स्वप्न असतं. गंमत अशी, की हे कळल्यावर थिएटर खोटं वाटत नाही, उलट जास्त जवळचं वाटतं. स्वप्नात माणूस श्रीमंत होतो हे आपण हजारदा पाहिलंय. स्वप्नात कुणी साडेसहाच्या खेळाला दाराशी उभं राहण्याची नोकरी मागून घेतो, ही कल्पना ज्याला सुचली तो लेखक साधा नाही.

या सिनेमाला निर्माता मिळेना. पवन कुमार यांनी मग इंटरनेटवर लोकांनाच साद घातली आणि 27 दिवसांत 110 जणांनी मिळून सुमारे 51 लाख रुपये उभे केले. आपल्याकडे लोकवर्गणीचा सिनेमा नवा नव्हता. 'मंथन' (1976) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी माणशी दोन रुपये काढून उभा केला होता. पण ती त्यांची स्वतःची गोष्ट होती. इथे लोकांनी एका अनोळखी माणसाच्या झोपेच्या गोळीवर पैसे लावले. पुढे लंडनच्या भारतीय चित्रपट महोत्सवात 'लुसिया'ने प्रेक्षक पसंतीचा पुरस्कार मिळवला आणि 'एनक्कुल ओरुवन' नावाने त्याची तमिळ आवृत्तीही निघाली.

स्वप्न आणि जाग यांच्या सीमेवरचे स्वतंत्र थरारपट गेल्या दहा-बारा वर्षांत जगभर चिक्कार आले. ओटीटीमुळे ते घरबसल्या दिसतात. त्यातले पुष्कळ मी पाहतो आणि पुष्कळ अर्ध्यावर सोडतो. तक्रार एकच आहे. पहिल्या मिनिटापासून सगळं धुक्यात असतं. निळा उजेड, लांबलचक कॉरिडॉर, लुकलुकणारी ट्यूबलाइट, घुमणारा आवाज, आरशासमोर टक लावून उभी नायिका. हे लोक काम काय करतात, भाडं कोण भरतं, काल रात्री जेवले काय, काही म्हणजे काही कळत नाही. मग अर्ध्या तासाने 'हे खरं की भास?' असा प्रश्न आपल्यासमोर टाकला जातो, आणि मनात येतं, खरं होतं तरी कधी? जे ठाशीव उभंच केलं नाही, ते विरघळणार कसं! स्वप्न दाखवणं फार अवघड नाही. एक फिल्टर आणि एक भोंगा पुरतो. कस लागतो तो जाग दाखवताना.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं, आणि त्यांच्याकडे पैसेही नव्हते. माया डेरेन आणि अलेक्झांडर हॅमिड या जोडप्याने 1943 साली लॉस एंजेलिसमधल्या आपल्या राहत्या घरातच 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' चित्रित केला. जेमतेम 14 मिनिटं. त्यात एकही अद्भुत वस्तू नाही. किल्ली, पाव कापायची सुरी, फोन, फूल, जिना, खुर्ची. बाई दुपारी खुर्चीत डुलकी घेते आणि याच वस्तू जागा बदलू लागतात. किल्लीची सुरी होते. एका जागी नुसती तिची पावलं दिसतात. एक पाऊल वाळूत, पुढचं गवतात, पुढचं फरसबंदीवर आणि शेवटचं थेट घरातल्या गालिच्यावर. चार पावलांत अख्खा प्रवास. यात खर्च आहे तो फक्त कात्रीचा.

दुसरं नाव 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (1962). दिग्दर्शक हर्क हार्वी कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी एका कंपनीत शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट करायचे. परगावाहून गाडीने परतताना त्यांना सॉल्ट लेक सिटीजवळ, खाऱ्या सरोवराच्या काठी ओस पडलेला सॉल्टएअरचा करमणूक महाल दिसला आणि डोक्यात भुंगा शिरला. कामावरून रजा काढून, सुमारे 33 हजार डॉलरमध्ये त्यांनी सिनेमा पुरा केला. प्रेतासारखा पांढराफटक जो माणूस नायिकेला जागोजागी दिसतो तोही स्वतः हार्वीच. त्यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव कथापट.

त्यातल्या एका प्रसंगाशी जरा थांबू. नायिका चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. नव्या गावात ती दुकानात कपडे घ्यायला जाते, आतल्या खोलीत झगा घालून पाहते. पडद्यावर पाण्यासारखी एक लहर उठते आणि ती बाहेर येते तर आवाज गेलेला. विक्रेतीशी बोलते, पण विक्रेतीला ती दिसतच नाही. रस्त्यावर कामगार खोदकाम करताहेत, गाड्या चालल्यात, सगळं मुकं. ती धावत बागेत जाते, झाडाच्या बुंध्यावर हात टेकवते, आणि एकदम पक्ष्यांची किलबिल कानावर येते. जग परत येतं. तेवढ्या वेळात एकही भूत नाही, रक्त नाही. फक्त ध्वनिपट्टी काढून घेतली. माहितीपट करणाऱ्या माणसाला दुकान, रस्ता, कामगार जसेच्या तसे टिपायची सवय होती, म्हणून ते दुकान खरं वाटतं. आणि ते खरं वाटतं म्हणून मुकं झाल्यावर अंगावर काटा येतो.

सातोशी कोन यांचा 'परफेक्ट ब्लू' (1997) हा तर ॲनिमेशनपट, म्हणजे मुळातच काढलेलं जग. तरी गाण्याचा गट सोडून अभिनेत्री होऊ पाहणाऱ्या मिमाची ती इवलीशी खोली, माशांची टाकी, भिंतीवरची पोस्टरं मी डोळे मिटून सांगू शकतो. मिमा मालिकेत काम करते, आणि मालिकेतला प्रसंग, तिचं खरं आयुष्य आणि तिचा भ्रम एकमेकांत इतके अलगद शिवलेत की टाका सापडत नाही. ती पुन्हा पुन्हा त्याच खोलीत जागी होते. खोली ओळखीची असल्यानेच दरवेळी पोटात खड्डा पडतो. कोन 2010 मध्ये अवघ्या 46व्या वर्षी गेले. ती जागा अजून रिकामीच आहे.

या प्रकाराला लागलेली दुसरी कीड म्हणजे उत्तराची. डेव्हिड लिंच यांचा 'मलहॉलंड ड्राइव्ह' (2001) मुळात टीव्ही मालिकेचा पहिला भाग होता. वाहिनीने तो नाकारला, मग फ्रेंच पैशावर आणखी चित्रीकरण होऊन त्याचा सिनेमा झाला, आणि कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार (जोएल कोएन यांच्यासोबत विभागून) घेऊन आला. त्याच्या डीव्हीडीसोबत लिंच यांचे दहा 'धागेदोरे' छापले होते. मला तो त्यांचा मिश्कीलपणा वाटतो. दहाही वाचून माणूस होता तिथेच राहतो. पण पुढच्या पिढीने ते गांभीर्याने घेतलं. आता सिनेमा संपण्याआधीच 'शेवटाचा अर्थ' सांगणारे व्हिडिओ तयार असतात, आणि दिग्दर्शकही त्या व्हिडिओंवर डोळा ठेवून लिहू लागलेत. शेवटी एक चावी फिरवायची, सगळी कुलुपं एकदम उघडायची. एका महोत्सवात माझ्या मागच्या रांगेतला एक तरुण मैत्रिणीला सांगत होता, "आत्ता बघ, ती मेलेली निघणार." निघाली. त्याला कोडं सुटल्याचा आनंद झाला, आणि सिनेमात दुसरं काही नव्हतंच.

खरं तर 'कार्निव्हल ऑफ सोल्स'चा शेवटही तोच आहे. पण तो आधीच ओळखला तरी दुकानातला प्रसंग तसूभरही उणा होत नाही.

अलीकडचं सगळ्यात चांगलं काम मल्याळममध्ये झालं आहे. लिजो जोस पेल्लिसेरी यांचा 'नन्पकल नेरत्तु मयक्कम' (2022). नावाचा अर्थ साधारण 'भर दुपारची गुंगी'. आपण वामकुक्षी म्हणू. वेलांकण्णीहून केरळकडे परतणारी बस, जेवणं झालेली, सगळे पेंगताहेत. जेम्सला जाग येते, तो मधेच बस थांबवायला सांगतो, उतरून शेतातून चालत एका तमिळ खेड्यात शिरतो, एका घराच्या दोरीवरची लुंगी काढून नेसतो आणि गुरांना वैरण घालू लागतो. दोन वर्षांपूर्वी बेपत्ता झालेला त्या घराचा सुंदरम् होऊन तो अस्खलित तमिळ बोलतो. टीव्हीसमोर बसलेली आंधळी आई त्याला सहज आपला म्हणते. बायको घाबरून गप्प. मामुट्टी हे सगळं असं करतात की लुंगी नेसतानाच माणूस बदललेला दिसतो. मेकअप नाही, चमत्कार नाही.

कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. शेजारच्या घरांतून जुनी तमिळ गाणी आणि संवाद ऐकू येत राहतात, दुपारी कुठल्याही गावात येतात तसे. बाहेर बसमधली मंडळी आणि आत गावकरी यांच्यात हुज्जत चालते: याला न्यायचं कसं, पोलिसांना बोलवायचं का, बायकोचं काय. स्वप्नाच्या कडेला माणसं चहापाण्याची आणि परतीच्या वेळेची चिंता करताहेत. शेवटी उत्तर मिळत नाही. एकाही प्रेक्षकाने पैसे परत मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. आता, मामुट्टींच्या स्वतःच्या कंपनीचा सिनेमा म्हणजे 'लुसिया'च्या अर्थाने स्वतंत्र नव्हे, हे कबूल. पण बाजाराला न विचारता काढलेला, एवढं नक्की.

मराठीचं काय? आपल्याकडे या मालाची वखार आहे. रत्नाकर मतकरींची गूढकथा दादरच्या चाळीत, लोकलमध्ये, ऑफिसच्या टेबलापाशी सुरू होते आणि तिथेच जमीन सरकते. जी. ए. कुलकर्णी आहेत, खानोलकर आहेत. राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'मध्ये (1964) वकिलाची बायको डोळ्यांदेखत वारलेली असते आणि आरोपीच्या पिंजऱ्यात हुबेहूब तिच्यासारखी बाई उभी राहून मीच तुमची बायको म्हणते. त्या माणसाची उलघाल आजही पाहण्यासारखी आहे. उलगडा मात्र कायद्याचाच होतो, शंकेला जागा उरत नाही. पुढे बहुतेक मराठी रहस्यपटांनी तीच वाट धरली. आदिश केळुसकर यांच्या 'कौल'ने (2016) कोकणात एक तरुण आणि एक गूढ म्हातारा समोरासमोर आणून ती मोडली, पण त्याच्यामागून फारसं कुणी गेलं नाही.

मला याचं नवल वाटतं. कारण जाग दाखवणं हे तर मराठी सिनेमाचं बळ. तहसील कचेरी, एसटी स्टँड, वन रूम किचन, सोसायटीची मीटिंग, हे आपल्याइतकं नेमकं कोण दाखवतं? अर्धी लढाई तिथेच जिंकलेली असते. पण आपण ते सगळं कुठल्या तरी प्रश्नाला वाचा फोडायला वापरतो आणि प्रश्न सुटला की दिवे लावतो. फलाटावर उभ्या असलेल्या मुक्कामी गाडीत शेवटच्या सीटवर पेंगणाऱ्या कंडक्टरला काय दिसत असेल, हे कुणी विचारत नाही. त्यासाठी 51 लाखही लागायचे नाहीत.

'लुसिया'चा शेवट मी वर सांगून टाकला, म्हणून तो पाहायचा राहू देऊ नका. शेवट ठाऊक असताना बॅटरी धरलेला निक्की पाहा. मला दुसऱ्या खेपेला तोच जास्त खरा वाटला.