‘पॅगन’ आणि ‘पाषंड’

‘पॅगन’ या शब्दासाठी मराठीत ‘पाखंडी’ हा पर्याय योजण्याची सवय काही भाषांतरकारांना आहे. अर्थदृष्ट्या हा पर्याय सदोष आहे. दोन्ही शब्दांचा इतिहास मात्र विलक्षण सारखा आहे.

लॅटिनमध्ये ‘पागुस’ म्हणजे ग्रामीण मुलूख आणि ‘पागानुस’ म्हणजे तेथील रहिवासी. या हिशेबाने आमच्या धाडचा कास्तकारही पागानुसच! सैनिकांच्या बोलीत हाच शब्द शिपाई नसलेल्या माणसाला लावीत. इ. स. च्या ४थ्या शतकात ख्रिस्ती लेखकांनी तो अख्रिस्ती जनांसाठी रूढ केला. खेडी जुन्या देवतांना धरून राहिली म्हणून, की ख्रिस्ताच्या सैन्यात नसलेला तो पागानुस म्हणून, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. हे नाव त्या लोकांनी स्वतः घेतलेले नव्हते, ते इतरांनी दिलेले होते, एवढे निश्चित.

आपल्याकडील शब्दाची कथा अधिक बोचणारी आहे. गिरनारच्या १२व्या शिलालेखात सम्राट अशोक ‘पासंड’ हा शब्द सर्वच संप्रदायांसाठी वापरतो. ‘आत्पपासंड’ म्हणजे आपला, ‘परपासंड’ म्हणजे दुसऱ्याचा. तेथे निंदेचा लवलेश नाही. उलट परसंप्रदायाविषयी बोलताना ‘वचिगुती’, म्हणजे वाणीचा संयम, पाळावा असा आग्रह आहे. मनुस्मृतीच्या ४थ्या अध्यायात याच ‘पाषंडीं’चा नुसत्या शब्दानेही सत्कार करू नये, असे विधान येते आणि ९व्या अध्यायात त्यांना नगराबाहेर घालविण्यास सांगितले जाते. एकाने वाणीला आवर घातला, दुसऱ्याने आदराचा शब्दही नाकारला.

तथापि सारा दोष मनुस्मृतीच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संयुत्तनिकायातील भिक्खुनीसंयुत्तात सीसुपचाला थेरी आपल्याला कोणाचाच पासंड रुचत नाही असे सांगते आणि धम्माबाहेरच्यांनाच ते नाव देते. अट्ठकथाकारांनी तर त्या शब्दात ‘पास’ म्हणजे फास शोधला. शब्द मलिन करण्यात आपल्या परंपरेचाही हात आहे, हे आपल्या लेखकांनी सहसा नोंदविलेले नाही.

अशोकाच्या लेखाचे मराठी रूपांतर करताना ‘पाखंड’ तसाच ठेवला, तर राजा पाखंडांची सारवृद्धी इच्छितो असे विपरीत वाक्य वाचकाच्या हाती पडते. तेथे ‘संप्रदाय’ लिहून मूळ शब्द टीपेत द्यावा. ‘पॅगन’साठी संदर्भानुसार ‘अख्रिस्ती’ किंवा ‘जुन्या देवतांचे उपासक’ पुरेसे आहे.