मताधिकार आणि स्त्रीचरित्राची घडण : जबलपूरच्या सुभद्राकुमारी चौहान यांच्या निमित्ताने

भारतीय स्त्रीच्या मताधिकाराचा इतिहास सामान्यतः कायद्यांच्या आणि ठरावांच्या क्रमाने सांगितला जातो. हा हक्क ज्या स्त्रियांच्या आयुष्यात आला, त्यांची चरित्रे त्याची नोंद कशी करतात, हा प्रश्न मात्र साहित्याभ्यासाच्या कक्षेत येतो. त्यासाठी मध्य प्रांत हे लक्षणीय क्षेत्र आहे. मराठी नागपूर ही त्याची राजधानी आणि हिंदी जबलपूर हे त्याचे दुसरे मोठे केंद्र. जबलपूरच्या सुभद्राकुमारी चौहान (१९०४–१९४८) संकुचित अर्थाने मताधिकारवादी नव्हत्या. परंतु तो हक्क मिळाल्यानंतर विधिमंडळात पोहोचलेल्या पहिल्या पिढीच्या त्या प्रतिनिधी होत. त्यांच्या चरित्राशेजारी मुंबई इलाख्यात १९२१-२२ मध्ये मताधिकाराची चळवळ संघटित करणाऱ्या रमाबाई रानडे यांचे आत्मकथन ठेवले असता एक समान आकृतिबंध स्पष्ट होतो.

प्रथम कायद्याची भाषा पाहणे इष्ट ठरेल. १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने माँटेग्यू यांच्यापुढे मागणी मांडली. १९१९ च्या कायद्याने निर्णय प्रांतिक विधिमंडळांवर सोपवला. मुंबईने १९२१ मध्ये आणि मध्य प्रांताने १९२७ मध्ये स्त्रियांना मत दिले. मालमत्तेची अट कायम असल्याने आणि मालमत्ता बहुधा पुरुषाच्या नावे असल्याने हा हक्क मोजक्याच स्त्रियांपर्यंत पोहोचला. १९३५ च्या कायद्याने ही संख्या वाढवली, पण त्यासाठी योजलेल्या निकषांपैकी एक होता मालमत्ताधारक मतदाराची पत्नी किंवा विधवा असणे. अखिल भारतीय महिला परिषदेने या निकषाला विरोध करून प्रौढ मताधिकार मागितला होता, तो याच कारणाने. नागरिक म्हणून येऊ पाहणाऱ्या स्त्रीला कायदा पुन्हा नात्याच्याच दारातून आत घेत होता.

हेच दार चरित्रलेखनातही दिसते. रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले, पण त्याचे कथन १९०१ मध्ये, न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनापाशी थांबते. १९०४ च्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद आणि सेवासदनाची उभारणी प्रकाशनापूर्वीच घडली होती. तरी ती त्या आयुष्याच्या कथेबाहेर राहिली. मताधिकाराची चळवळ तर पुढचीच. रमाबाई पतीचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. नाव न घेण्याच्या रीतीतून आलेला हा शब्द १९३८ च्या इंग्रजी अनुवादाचे शीर्षकच बनला : ‘हिमसेल्फ’. आत्मकथनात ‘स्व’चा वाचक शब्द पतीकडे जावा, यापेक्षा बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

सुभद्राकुमारींचा काळ वेगळा, भाषाही वेगळी. अलाहाबादेत शिकलेली ही मुलगी १९१९ मध्ये लक्ष्मणसिंह चौहान यांच्याशी विवाह करून जबलपूरला आली. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात आणि पुन्हा १९४२ मध्ये तिने कारावास भोगला. १९३७ च्या विधानसभेत, जिच्यात स्त्रियांसाठी ११२ पैकी ३ जागा राखीव होत्या आणि जिचे उपसभापतिपद नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांच्याकडे होते, त्या सदस्य होत्या. त्यांचे चरित्र मात्र कन्या सुधा चौहान यांनी लिहिले, आणि तेही आई-वडिलांचे संयुक्त चरित्र म्हणून. ‘मिला तेज से तेज’ हे त्याचे शीर्षक आईच्याच ‘झाँसी की रानी’ या कवितेतून घेतलेले आहे. ती कविता तांबे कुळातल्या मराठी मुलीला हिंदी लोकस्मृतीची नायिका करते. मात्र तिच्या शौर्याची थोरवी सांगण्यासाठी पौरुषाचेच विशेषण वापरते.

त्यांच्या कथांचे वळण निराळे आहे. ‘बिखरे मोती’ (१९३२) या संग्रहातील ‘कदम्ब के फूल’ या कथेत फुलांची सासूला मिठाई वाटते आणि सुनेवर आळ येतो. प्रश्न फुलांचा नसून घरात कोणाच्या शब्दाला किंमत आहे, याचा आहे. कवितेतील राणीला तलवार मिळते. कथेतील सुनेला आपले म्हणणे खरे धरले जावे, एवढेच हवे असते. मताचा अर्थ तरी याहून वेगळा काय? कवितेच्या कीर्तीने या कथांना झाकून टाकले, आणि त्यांच्या लेखिकेचे राजकीय भानही त्यासोबत झाकले गेले.

अर्थात नाते म्हणजे केवळ बंधन, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. रमाबाईंचे शिक्षण त्या नात्यातच घडले, आणि घरातील विरोध सोसून घडले. मुलीने लिहिलेल्या चरित्राला जी जवळीक लाभते, ती विधिमंडळाच्या कामकाजाच्या नोंदींना लाभत नाही. फरक इतकाच की, एक नाते स्त्री स्वतः सांगते आणि दुसऱ्या नात्याने तिची गणना होते. पहिले साहित्याचे द्रव्य आहे. दुसरे हक्काची अट बनते, तेव्हा तिचे नावच अनावश्यक ठरते.

याची परिणती १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दिसली. प्रौढ मताधिकाराने पत्नीत्वाची अट रद्द केली होती. तरीही सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी सुमारे २८ लाख जणींनी आपले नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची मुलगी अशीच ओळख दिली, आणि त्यांना यादीतून वगळावे लागले. त्यांत जबलपूरच्या शेजारच्या विंध्य प्रदेशातील स्त्रियाही होत्या. सुभद्राकुमारींना ही निवडणूक पाहता आली नाही. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी नागपूरहून जबलपूरला परतताना सिवनीजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले होते. ‘स्वतः’ या शब्दाने पतीचा निर्देश करणारे गद्य आणि मतदारयादीवर कोरे राहिलेले नाव यांच्यामध्ये ४० वर्षांचे अंतर आहे, पण व्याकरण एकच आहे. मताधिकाराचा वाङ्मयीन इतिहास लिहायचा, तर तो कायद्याच्या कलमांइतकाच या व्याकरणातून वाचावा लागेल.