मूळ गीत आणि नवा उद्गाता : जॉनी कॅश यांच्या उत्तरकालीन पुनर्गायनाची मीमांसा

प्रस्तावना :

अमेरिकन कंट्री संगीतातील ज्येष्ठ गायक जॉनी कॅश (१९३२-२००३) यांनी आयुष्याच्या अखेरच्या दशकात रॉक संगीतातील अनेक गीते नव्याने गायिली. एरवी 'कव्हर व्हर्जन' हा शब्द भारतीय श्रोत्याच्या मनात फारशी आदराची भावना जागवीत नाही. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटींवर लोकप्रिय गीतांच्या ज्या पर्यायी आवृत्त्या बाजारात आल्या, त्यांमुळे हा शब्द नकलेचा पर्याय होऊन बसला. दुसरीकडे ख्यालगायनात एकच बंदिश पिढ्यानपिढ्या गायिली जाते आणि तिला कोणीही नक्कल म्हणत नाही. कॅश यांचे पुनर्गायन या दोन टोकांपैकी कोठे बसते, त्याचे यश नेमके कशात आहे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :

कॅश यांचे बालपण आर्कन्सॉ राज्यातील डायेस या वसाहतीत, कापूस पिकविणाऱ्या कुटुंबात गेले. १९५५ मध्ये मेम्फिस येथील सॅम फिलिप्स यांच्या 'सन रेकॉर्ड्स'ने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. एल्विस प्रेस्ली, कार्ल पर्किन्स आणि जेरी ली लुईस हे त्याच संस्थेतील त्यांचे समकालीन होत. ही गोष्ट महत्त्वाची आहे. कंट्री आणि रॉक यांच्यामधील भिंत ज्या काळात पुरती उभी राहिली नव्हती, त्या काळात कॅश घडले. त्यामुळे उत्तरायुष्यात ते रॉककडे 'वळले' असे म्हणण्यापेक्षा ते एका समाईक उगमाकडे परतले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

फॉल्सम (१९६८) आणि सॅन क्वेंटिन (१९६९) येथील तुरुंगांतील मैफलींच्या ध्वनिमुद्रिकांनी ते कीर्तीच्या शिखरावर पोहोचले. मात्र पुढे त्यांची लोकप्रियता ओसरत गेली आणि १९८६ मध्ये कोलंबिया कंपनीने त्यांच्याशी असलेला दीर्घकालीन करार संपुष्टात आणला. या पडत्या काळात त्यांना विचारणा झाली ती नॅशव्हिलमधून नव्हे. रन-डीएमसी आणि स्लेयर यांसारख्या हिप-हॉप व हेवी मेटल समूहांचे निर्माते रिक रुबिन यांनी त्यांना करारबद्ध केले. १९९४ साली 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' प्रसिद्ध झाली. एक आवाज आणि एक गिटार एवढ्याच सामग्रीवर उभ्या असलेल्या या ध्वनिमुद्रिकेतील बहुतेक गीते रुबिन यांच्या घरात आणि टेनेसीतील कॅश यांच्या कुटीत मुद्रित झाली होती. त्यानंतर 'अनचेन्ड' (१९९६), 'सॉलिटरी मॅन' (२०००) आणि 'द मॅन कम्स अराउंड' (२००२) या ध्वनिमुद्रिका त्यांच्या हयातीत आल्या. आणखी दोन त्यांच्या निधनानंतर, २००६ आणि २०१० मध्ये, प्रसिद्ध झाल्या.

पुनर्गायनाचे तत्त्व :

या गीतांविषयी लिहिताना 'साधेपणा' हा गुण वारंवार सांगितला जातो. अनावश्यक वाद्ये बाजूला सारली आणि गीताचा गाभा उघड झाला, अशी ही मांडणी आहे. ती अपुरी आहे. वाद्ये कमी केल्याने प्रत्येक गीत उजळते असे नाही. शिवाय रॉक संगीतात ध्वनीचा कल्लोळ हा अनेकदा अलंकार नसून आशयाचाच भाग असतो.

कॅश यांनी खऱ्या अर्थाने बदलला तो गीतातील 'मी'. १९६० च्या दशकापासून रॉक परंपरेत गीतकार आणि गायक एकच असण्याला विशेष प्रतिष्ठा मिळाली. त्यामुळे गीतातील 'मी' म्हणजे गाणाराच, असे श्रोता गृहीत धरू लागला. बंदिशीच्या बाबतीत असा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिच्या शब्दांतील 'मी' कोणा एकाच्या मालकीचा नसतो. कॅश यांनी रॉक गीतांना जवळपास बंदिशीसारखे वागविले. मूळ गायकाचा 'मी' बाजूला ठेवून त्यांनी त्या जागी एका वृद्धाला बोलावयास लावले. शब्द बहुतांशी तेच राहिले, परंतु त्यांचा काळ बदलला. तरुणाच्या तोंडी जे भय किंवा आव्हान होते, ते वृद्धाच्या तोंडी स्मरण किंवा हिशेब झाले.

निवडक गीतांचा विचार :

साउंडगार्डन या समूहाचे 'रस्टी केज' (१९९१) हे गीत क्रिस कॉर्नेल यांच्या उंच पट्टीतील आवाजावर, वेगावर आणि बदलत्या तालावर उभे आहे. त्यात पिंजरा तोडण्याची उसळती शारीरिक शक्ती ऐकू येते. १९९६ मध्ये टॉम पेटी अँड द हार्टब्रेकर्स यांच्या साथीने कॅश यांनी ते गायिले, तेव्हा त्यांचा खर्जातील आवाज आरंभी ध्वनिक गिटारींवर जवळजवळ बोलल्यासारखा चालतो आणि उत्तरार्धात जड ठेका येतो. हा माणूस धावत नाही. तो पिंजरा तोडणार हे त्याने केव्हाच ठरविले आहे आणि आता तो केवळ तसे कळवीत आहे. धमकीपेक्षा हे निवेदनच अधिक धाक निर्माण करते.

निक केव्ह यांचे 'द मर्सी सीट' (१९८८) हे विद्युत्-खुर्चीवर मृत्युदंडाची वाट पाहणाऱ्या कैद्याचे स्वगत आहे. मूळ गीत पालुपदाच्या वाढत्या गजराने श्रोत्याला वेढून टाकते. कॅश यांची आवृत्ती (२०००) त्यापेक्षा आटोपशीर आहे. तुरुंगातील कैद्यांसमोर प्रत्यक्ष गायिलेल्या या गायकाने तीन दशकांपूर्वी फॉल्सममध्ये फाशीच्या घटकेवरचे एक विनोदी गीतही सादर केले होते. ही पूर्वपीठिका ठाऊक असणाऱ्याला 'द मर्सी सीट'मध्ये त्या विनोदाचा विझलेला निखारा जाणवतो. कैदी खरे बोलत आहे की नाही, ही मूळ गीतातील संदिग्धता येथेही टिकून राहते. विश्वासार्हतेसाठी प्रसिद्ध असलेल्या आवाजात ती आल्याने अधिक बोचते.

'पर्सनल जीझस' (१९८९) हे डिपेश मोडचे गीत प्रिसिला प्रेस्ली यांच्या एल्विसविषयक आठवणींच्या पुस्तकावरून सुचलेले आहे. एखाद्या माणसाने दुसऱ्याचा तारणहार होणे, हा त्याचा विषय आहे आणि त्याला उपरोधाची धार आहे. कॅश श्रद्धावान ख्रिस्ती होते. त्यांनी उपरोध पुसून टाकला आणि तेच शब्द सरळ अर्थाने, धर्मप्रवचनाच्या सुरात गायिले. एल्विसच्या सहवासावरून सुचलेले गीत अशा रीतीने एल्विसच्याच एका सोबत्याने श्रद्धेच्या वाटेवर नेले. येथे एक गोष्ट मान्य करावी लागेल की, मूळ गीतातील द्वयर्थ गमावल्याने काही तोटाही झाला आहे. पुनर्गायन नेहमीच भर घालते असे नाही. कधी ते एका अर्थाची किंमत देऊन दुसरा अर्थ विकत घेते.

या सर्वांत अधिक चर्चा झाली ती 'हर्ट' या गीताची. नाइन इंच नेल्सचे ट्रेंट रेझनर यांनी १९९४ मध्ये, तिशीही गाठली नसताना, ते प्रसिद्ध केले. त्यात मुद्दाम योजलेले विसंवादी स्वरांतर, कुजबुजता आवाज आणि अखेरीस फुटणारा गोंगाट आहे. २००२ मध्ये, वयाच्या सत्तरीत, कॅश यांनी ते विसंवादी स्वरांतर काढून टाकले आणि साधी स्वरसंगती ठेवली. मूळ गीतातील काटेरी मुकुटाच्या जागी असलेला अश्लील शब्द त्यांनी बदलला. त्यामुळे आत्मघृणेच्या प्रतिमेचे ख्रिस्ताच्या यातनेशी नाते जुळले. पियानोचा एकच स्वर पुन्हा पुन्हा आघात करीत वाढत जातो आणि शेवटी आवाज व वाद्ये मिळून जणू ध्वनिमुद्रणाची मर्यादाच ओलांडू पाहतात. म्हणजे कल्लोळ येथेही आहे, परंतु तो गायकाच्या बाहेरून येत नाही. स्वतः रेझनर यांनीही हे गीत आता आपले राहिले नाही, अशा आशयाची प्रतिक्रिया दिली होती.

आक्षेप आणि मर्यादा :

या पुनर्गायनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. श्रोता गीताला दाद देतो की मरणोन्मुख कलावंताविषयीच्या कणवेला? 'हर्ट'ची मार्क रोमानेक दिग्दर्शित चित्रफीत हा प्रश्न तीव्र करते. बंद पडलेले 'हाउस ऑफ कॅश' हे संग्रहालय, तरुणपणीची दृश्ये, पत्नी जून कार्टर यांची पतीवर खिळलेली नजर या सर्वांनी मन हेलावते. मे २००३ मध्ये जून यांचे आणि सप्टेंबरमध्ये कॅश यांचे निधन झाल्यावर ती चित्रफीत मृत्युलेखासारखीच पाहिली जाऊ लागली.

या आक्षेपाचे उत्तर कालक्रमातच सापडते. कॅश यांचे गंभीर आजारपण जाहीर झाले ते १९९७ मध्ये. १९९४ ची ध्वनिमुद्रिका आणि 'रस्टी केज' त्याआधीची आहेत आणि 'मी' बदलण्याचे तत्त्व तेथे पूर्णपणे कार्यरत आहे. म्हणजेच आजारपणाने या कलेला खोली दिली असेल, परंतु जन्म दिला नाही.

दुसरा आक्षेप निवडीचा आहे. काळ्या वेषातील गंभीर प्रवक्ता ही कॅश यांची प्रतिमा रुबिन यांच्या निवडीने ठळक केली. १९६९ मध्ये 'अ बॉय नेम्ड सू' गाऊन कैद्यांना हसविणारा कॅश तुलनेने मागे पडला. २००३ च्या 'अनअर्थ्ड' या संचातील ध्वनिमुद्रणे आणि आईच्या भजनपुस्तकातील भक्तिगीते ऐकल्यावर त्यांचा आवाका या प्रतिमेहून मोठा होता, हे स्पष्ट होते.

शिवाय प्रत्येक प्रयोग सफल झालेला नाही. 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' आणि 'डेस्पराडो' ही गीते कॅश यांच्या आवाजात भारदस्त वाटतात, पण नवी होत नाहीत. ती मुळातच पोक्त, सांत्वनपर स्वरात लिहिलेली आहेत. तेथे मूळ 'मी' आणि नवा 'मी' यांत पुरेसे अंतर नाही आणि जेथे अंतर नाही तेथे ताणही निर्माण होत नाही.

समारोप :

पुनर्गायनाचे मूल्य मूळ गीताशी असलेल्या साम्यावर ठरत नाही, तसेच केवळ वेगळेपणावरही ठरत नाही. ते मूळ उद्गाता आणि नवा उद्गाता यांच्यामधील अंतर किती अर्थपूर्ण आहे यावर ठरते, असे कॅश यांच्या उदाहरणावरून म्हणता येते. 'अनचेन्ड'ला १९९८ मध्ये सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यावेळी कंट्री रेडिओने पाठ फिरविल्याचा निषेध म्हणून 'बिलबोर्ड' नियतकालिकात उपरोधिक आभाराची जाहिरात देण्यात आली. वय झालेल्या कलावंताला त्याच्याच परंपरेने अडगळीत टाकावे आणि त्याने नातवंडांच्या पिढीची गीते उचलून त्या परंपरेचा मूळ धर्म पुन्हा सिद्ध करावा, असा हा विपर्यास आहे. कंट्री संगीताचा तो मूळ धर्म म्हणजे साध्या सुरावटीत माणसाने आपल्या आयुष्याचा खराखुरा जबाब देणे. त्यासाठी शब्द स्वतःचेच असावे लागतात असे नाही. ते स्वतःचे करून घेता आले पाहिजेत.