नसलेल्या हाताचे दुखणे

माझ्या लहानपणी आमच्या चौलच्या वाडीत तात्या नारळावरून पडले आणि त्यांचा डावा हात कोपरापासून काढावा लागला. जखम भरली, पण रात्री पडवीत बसून ते कण्हत, “मूठ आवळली आहे रे, नखे तळव्यात रुततात.” आम्ही मुले हसत असू. मोठी माणसे ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून देत. तात्या गेल्यावर कितीतरी वर्षांनी डॉ. व्ही. एस. रामचंद्रन व सँड्रा ब्लेकस्ली यांचे ‘फँटम्स इन द ब्रेन’ हे १९९८ सालचे इंग्रजी पुस्तक वाचले, आणि त्या हसण्याची लाज वाटली.

हात गेलेल्या एका तरुणाच्या गालाला रामचंद्रन कापसाचा बोळा लावतात. स्पर्श गालाला होतोच. शिवाय नसलेल्या हाताच्या बोटांनाही होतो! मेंदूच्या पृष्ठभागावर सबंध शरीराचा नकाशा आहे आणि त्यात हाताशेजारी चेहरा आहे. हाताकडून खबर येईनाशी झाली, की शेजारी बांध कोरून त्या पडीक जागेत शिरतो, असे त्यांचे अनुमान. पुढे ते साधा आरसा उभा करतात. धड हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसते. धड मूठ उघडली, की काहींची न दिसणारी मूठही सैल होते. असा आरसा आमच्याही घरी होता. वापर कोणाला ठाऊक होता?

इथवर पुस्तक उत्तम आहे. लेखकाची शैली हसरी, कुतूहल पोरासारखे. माझे भांडण शेवटच्या प्रकरणाशी आहे. तांबडा रंग पाहण्याचा अनुभव दुसऱ्याला देता येत नाही, ही अडचण केवळ भाषेची, असे ते म्हणतात. दोन मेंदू मज्जातंतूंनी जोडले, तर रंग न दिसणाऱ्यालाही तो अनुभव मिळेल! मिळेलही. पण त्याने अनुभव या घरातून त्या घरात गेला. मुळात उपजला कसा, हे कोठे कळले? नकाशात बांध सरकला, म्हणून दुखणे हाताच्या जागी का जाणवते, हे पटते. पण पेशींच्या हालचालीला मुळात दुखावेच का, हा प्रश्न तसाच उरतो. लेखकाने तो सोडवल्याचा आव आणायला नको होता.

तरीही हे पुस्तक जरूर वाचावे. दिवाळीला घर भरलेले असताना एखादे वडीलधारे माणूस न दिसणारे दुखणे सांगू लागले, तर निदान हसू तरी नये, एवढे ते नक्की शिकवते. तात्यांचा हात नव्हता. दुखणे मात्र होते.