पडत्या काळाचे गाणे

'असतील शिते तर जमतील भुते' ही म्हण आपल्या घरोघरी ऐकू येते. याच अनुभवाचे एक गाणे अमेरिकेतील जिमी कॉक्स या कृष्णवर्णीय कलावंताने १९२३ मध्ये रचले. 'नोबडी नोज यू व्हेन यू आर डाउन अँड आउट' हे त्याचे नाव. कालचा लक्षाधीश मित्रांवर पैसा उधळतो, खंक होतो, मित्र पांगतात. आणि पुन्हा बरे दिवस आले तर हेच सारे परत येतील, हे त्याला पक्के ठाऊक असते. एवढाच त्याचा आशय.

बेसी स्मिथने ते १५ मे १९२९ रोजी न्यूयॉर्क येथे ध्वनिमुद्रित केले. सप्टेंबरात रेकॉर्ड बाजारात आली आणि पुढच्याच महिन्यात शेअर बाजार कोसळला. १९३१ मध्ये कोलंबिया कंपनीने बेसीशी असलेला करार संपवला. २६ सप्टेंबर १९३७ रोजी मिसिसिपीतील क्लार्क्सडेलजवळच्या मोटार अपघातानंतर तिचा मृत्यू झाला. तिच्या थडग्यावर १९७० पर्यंत साधा नाव कोरलेला दगडही नव्हता. तो बसवण्यास हातभार लावणारी गायिका जॅनिस जॉप्लिन त्याच वर्षी ऑक्टोबरात हेरॉइनच्या अतिसेवनाने गेली.

हा क्रम पाहून बेसीने स्वतःचेच भविष्य गायले, असे म्हणण्याचा मोह होतो. मला तो मान्य नाही. गाणे दुसऱ्याचे होते, सहा वर्षे जुने होते, आणि गाताना बेसी नामांकित गायिका होती. शोकांतिकेची हौस सत्यालाही वाकवते. गोऱ्यांच्या रुग्णालयाने दार बंद केल्यामुळे ती मेली, ही कथा इतकी रुजली की एडवर्ड आल्बी यांनी तिच्यावर नाटक लिहिले. प्रत्यक्षात तिला थेट कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात नेले होते, हे ख्रिस अल्बर्टसन यांनी १९७२ च्या चरित्रात दाखवून दिले. रुग्णालयेसुद्धा रंगावरून वेगळी असावीत, हा अन्याय काय कमी होता? त्याला कल्पित प्रसंगाची जोड कशाला?

१९७० मध्ये एरिक क्लॅप्टनच्या 'डेरेक अँड द डॉमिनोज' या वाद्यवृंदाने मायामीत हेच गाणे मुद्रित केले. त्यांची पुढची कहाणीही करुण आहे. गिटारवादक ड्युएन ऑलमन १९७१ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी मोटारसायकल अपघातात गेला. क्लॅप्टन हेरॉइनच्या विळख्यात सापडला. ड्रमवादक जिम गॉर्डन याने मनोविकाराच्या भरात १९८३ मध्ये आईची हत्या केली. २०२३ मध्ये तो कैदेतच वारला.

म्हणजे भोगणे दोन्हीकडे आहे. पण गाणे सारखे उतरलेले नाही. डॉमिनोजच्या गिटारी सुरेख विव्हळतात, क्लॅप्टनचा स्वर मात्र तक्रारीपाशी थांबतो. त्याला सहानुभूती हवी आहे. बेसीला ती नको आहे. तिचा आवाज भरदार, ठाम, लय सावकाश. पियानो आणि कॉर्नेट अदबीने मागे उभे. ती मित्रांचा हिशेब मांडते आहे, हात पसरत नाही. दुःखाने कलावंत घडतो, असे आपण सहज बोलून जातो. दुःख तर पुष्कळांच्या वाट्याला येते. त्याला असा तोल देणे ही मेहनतीची गोष्ट आहे, आणि तिचे श्रेय नशिबाला देणे म्हणजे त्या बाईची कमाई काढून घेणे होय.

दुसऱ्या वेळी ध्रुवपद येते तेव्हा बेसी काही शब्द गाळते आणि त्यांच्या जागी नुसती गुणगुणते. ऐकणाऱ्याला ते शब्द आता पाठ झालेले असतात. पण त्या गुणगुणण्यात रडे नाही. जगाची रीत ओळखून चुकलेल्या माणसाचा तो हुंकार आहे, आणि इंग्रजी न कळणाऱ्यालाही तो कळतो.