वेग आणि तीव्रता : इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातील लयविचार
(मीरा-भाईंदर परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

मराठी संगीतसमीक्षेने रागसंगीत, नाट्यसंगीत आणि भावगीत यांचा सूक्ष्म विचार केला आहे. मिरवणुकीत, हळदीच्या मांडवात आणि नवरात्रीच्या मैदानात लोक ज्या संगीतावर प्रत्यक्ष नाचतात, ते मात्र तिच्या कक्षेत क्वचितच येते. त्याची चर्चा झालीच, तर ती ध्वनिप्रदूषणाच्या अंगाने होते. ती चर्चा आवश्यक असली तरी तिला समीक्षा म्हणता येणार नाही. जे वाजते ते संगीत म्हणून कसे आहे, हा प्रश्न तिच्यात अनुत्तरितच राहतो.

या प्रश्नाच्या विचारासाठी मीरा-भाईंदर हा परिसर सोयीचा आहे. २८ फेब्रुवारी २००२ रोजी येथे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक नोंदली गेली. उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे, मोर्वा या गावांतील कोळी, आगरी व ईस्ट इंडियन समाज आणि रेल्वेच्या दोन्ही बाजूंच्या वसाहतींतील गुजराती, राजस्थानी व इतर कुटुंबे येथे एकत्र नांदतात. साहजिकच कोळीगीत, धवला, गरबा, ढोल-ताशा आणि डीजे हे सर्व लयप्रकार काही किलोमीटरांच्या अंतरात ऐकू येतात. यांतील बहुतेक आज कमीअधिक प्रमाणात इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर येऊन ठेपले आहेत. ‘रंग चढत नाही, तर वेग वाढवा’ हा या ठेक्यामागील रूढ समज होय. प्रस्तुत लेखात हा समज तपासून पाहावयाचा आहे.

संज्ञांचा विचार

विवेचनाच्या सोयीसाठी चार गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांची संख्या म्हणजे वेग. डीजे ज्याला ‘बीपीएम’ म्हणतात तो हाच. एका ठोक्याच्या अवकाशात होणाऱ्या आघातांची संख्या म्हणजे घनता. ध्वनीची पातळी म्हणजे डेसिबलमध्ये मोजला जाणारा आवाज. आणि तीव्रता म्हणजे नाचणाऱ्याला जाणवणारा ताण, ओढ आणि आवेग. भौतिकशास्त्रात तीव्रता हा शब्द निराळ्या अर्थाने येतो. येथे तो केवळ अनुभवाच्या अर्थाने योजला आहे. पहिल्या तीन गोष्टी उपकरणाने मोजता येतात, चौथी येत नाही. म्हणूनच पहिल्या तिन्हींपैकी एखादी वाढवली की चौथी आपोआप वाढते, असे गृहीत धरण्याचा मोह होतो.

आपल्या परंपरेने हे गृहीत फार पूर्वीच नाकारले आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्यात लयीची व्याख्या वेगावरून केलेली नाही. एका क्रियेनंतर येणारी विश्रांती म्हणजे लय, असा तिचा आशय आहे. द्रुत लयीतील विश्रांती दुप्पट केली की मध्य आणि मध्य लयीतील दुप्पट केली की विलंबित लय सिद्ध होते. म्हणजे लय आघातांवर जितकी अवलंबून आहे, तितकीच त्यांच्यामधील मोकळ्या जागेवरही आहे. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या समीक्षेला ही व्याख्या आजही उपयोगी पडते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पसंतीचा वेग

नृत्यसंगीतातील वेग मनमानी नसतात. हाउस संगीत साधारणतः मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांत राहते, ट्रान्स १३० ते १४० च्या आसपास, हणजूण परिसरातील किनारी मेळ्यांतून १९९० च्या दशकात नावारूपाला आलेले गोवा ट्रान्स व त्यापुढचे सायकेडेलिक ट्रान्स १४० ते १५० पर्यंत, तर ड्रम अँड बेस १७० च्या पुढेमागे. तथापि व्यापक लोकप्रियतेचा विचार केला, तर पुन्हा पुन्हा १२० ते १३० चा पट्टाच समोर येतो. लेऑन व्हान नूर्डेन आणि डर्क मूलांट्स या संशोधकांनी १९९९ साली ठोक्याच्या जाणिवेला अनुनादाचे तत्त्व लावले आणि सेकंदाला सुमारे दोन ठोक्यांच्या परिसरात ही जाणीव सर्वांत ठळक असते, असे मांडले. मॅकडूगल व मूर यांनी २००५ साली माणसाच्या दैनंदिन चालण्याची नोंद केली, तेव्हा तीही सेकंदाला दोन पावलांच्या आसपासच आढळली. थोडक्यात, पसंतीचा वेग हा पावलाचा वेग आहे.

या पट्ट्यापलीकडे गेल्यावर काय होते, हे अधिक बोलके आहे. १७४ च्या वेगाचे ड्रम अँड बेस वाजू लागले की अनेक नर्तक प्रत्येक ठोक्यावर पाऊल टाकत नाहीत. ते एकाआड एक ठोका धरतात आणि प्रत्यक्षात ८७ च्या वेगाने डोलतात. डबस्टेपचा वेग १४० मोजला जातो, परंतु त्यातील मुख्य आघातांची मांडणी अशी असते, की शरीराला तो ७० वाटतो. यंत्राने वेग वाढवला तरी शरीर त्याची स्वतःला झेपेल अशी विभागणी करून घेते. एका मर्यादेनंतर वेग असा स्वतःलाच रद्द करतो.

याचा अर्थ वेगाला स्वतःचे सामर्थ्य नाही, असा नव्हे. १९९० च्या दशकाच्या आरंभी रॉटरडॅममध्ये उदयाला आलेल्या गॅबर संगीताने १६० ते १९० च्या वेगालाच आपले सौंदर्यमूल्य मानले आणि दमछाक हाच त्याचा आनंद ठरला. परंतु हा एका विशिष्ट समूहाने जाणीवपूर्वक स्वीकारलेला टोकाचा पर्याय होता. लहान मुले आणि आजी-आजोबा एकाच रिंगणात असलेल्या उत्सवाला तो मापदंड म्हणून लावता येत नाही.

वेग न वाढवता वाढणारी तीव्रता

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा सर्वांत परिचित तीव्रतेचा क्षण म्हणजे ‘बिल्ड-अप’ आणि त्यानंतरचा ‘ड्रॉप’. १२८ च्या वेगातील ३२ ठोक्यांची चढण बरोबर १५ सेकंदांत पूर्ण होते. प्रारंभी ठोक्याला एक आघात, मग दोन, मग चार आणि शेवटी आठ. म्हणजे सेकंदाला १७ आघात. ऐकणाऱ्याला वाटते की संगीत धावत सुटले आहे. प्रत्यक्षात वेग सुरुवातीला १२८ असतो आणि शेवटीही १२८ च असतो. वाढते ती घनता. तबल्याच्या विद्यार्थ्याला यात नवे काहीच दिसणार नाही. ही ठाय, दुगुन, चौगुन आणि आठगुन होय. त्यानंतर खालचा सूर काढून घेतला जातो, क्षणभर मोकळी जागा राहते आणि मग पूर्ण ठेका परत येतो. त्या मोकळ्या जागेत शार्ङ्गदेवाची विश्रांती आहे, आणि नाचणाऱ्यांची आरोळी ठेका परतल्यावर उठते हेही लक्षणीय आहे.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याच दिशेने जातो. ऑर्फिक्स या इलेक्ट्रॉनिक संगीतजोडीच्या प्रत्यक्ष मैफलीत ८ ते ३७ हर्ट्झ इतक्या खालच्या कंपनांचे ध्वनिक्षेपक आलटूनपालटून चालू-बंद करण्यात आले. ती कंपने श्रोत्यांना जाणीवपूर्वक ओळखता येत नव्हती. तरीही ती चालू असताना त्यांची हालचाल सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. ठेक्याचा वेग येथे कारणीभूत नव्हता.

आपल्याकडील ढोल-ताशाचे उदाहरण याहून जवळचे आहे. मिरवणूक मुंगीच्या पावलाने सरकत असते, ढोलाचे टोल संथ आणि भरदार पडतात आणि त्यांच्या अंतराळात ताशाची काडी दाट आघातांची जाळी विणते. संथ वेग आणि दाट घनता एकाच वेळी नांदतात, आणि अंगावर काटा येतो तो या दोहोंच्या नात्यामुळे. ढोलाचा वेग ताशाइतका केला, तर हे नातेच संपुष्टात येईल. ख्यालगायनातही हेच तत्त्व दिसते. अतिविलंबित एकतालाची मात्रा चार सेकंदांच्या आसपास गेली, तर बारा मात्रांचे आवर्तन ४८ सेकंदांचे होते. तरीही समेकडे येताना श्रोता श्वास रोखून धरतो.

परिसरातील प्रयोगाचे मूल्यमापन

या निकषांवर मीरा-भाईंदर परिसरात प्रचलित असलेल्या नृत्यसंगीताकडे पाहिले, तर दोन दोष ठळकपणे जाणवतात.

पहिला दोष सपाटीकरणाचा. कोळीगीताचा ठेका सहा मात्रांच्या अंगाने चालतो. त्याच्या प्रत्येक झोक्याच्या पोटात तीन भाग असतात. होडीच्या हेलकाव्याशी त्याचे नाते लोक सहज जोडतात, ते यामुळेच. गरब्याचा हींच हाही सहा मात्रांचा. डीजेला एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना दोहोंचे ठोके जुळवावे लागतात, म्हणून ही सर्व गाणी चार ठोक्यांच्या सरळ चौकटीत आणि १२८ च्या आसपासच्या एकाच वेगात बसवली जातात. तीन भागांच्या जागी दोन किंवा चार भाग आले, की हेलकावा नाहीसा होतो. हरवलेल्या हेलकाव्याची भरपाई मग वेगाने केली जाते. आगरी लग्नात धवलारीण ज्या संथ, लांबलेल्या स्वरांत धवला गाते, त्याला तर या चौकटीत जागाच उरत नाही. हळदीच्या रात्री बँजो पार्टीचे वादक गर्दी पाहून लय थोडी मागेपुढे करू शकतात. आधीच बांधून ठेवलेल्या ठेक्याला ते साधत नाही.

दुसरा दोष चढणीचा क्रम गमावण्याचा. पारंपरिक गरबा संथ लयीत सुरू होऊन हळूहळू चढत जातो. शेवटचा वेग भारावून टाकतो, कारण आरंभीचा संथपणा पायांच्या स्मरणात असतो. जेथे पहिल्या गाण्यापासूनच कळसाचा वेग धरला जातो, तेथे पुढे जाण्यास जागा राहत नाही. तेव्हा उरलेला एकमेव मार्ग म्हणजे आवाज वाढवणे. कलेतील उणीव अशा रीतीने नागरी प्रश्न बनते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई असून वर्षातील अधिकाधिक १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ही चौकट कायम ठेवली. आवाज दहा डेसिबलने वाढवण्यास दहापट ध्वनिशक्ती लागते, आणि कानाला तो सुमारे दुप्पटच वाटतो. तीव्रता मिळवण्याचा हा सर्वांत महाग आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत जाचक मार्ग होय.

दोष यंत्राचा नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची टीबी-३०३ व टीआर-८०८ ही यंत्रे वापरून दहा राग डिस्को ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. ठेका अविचल ठेवून रागाची बढत करण्याचा तो प्रयत्न त्या काळी दुर्लक्षित राहिला आणि २०१० मधील पुनर्प्रकाशनानंतर जगभर नावाजला गेला. ठेका यांत्रिक असूनही त्यात तीव्रता आहे, कारण तिचा भार स्वरांच्या वाढीवर टाकलेला आहे. त्याच दशकात बाबला यांच्या वाद्यवृंदाने ‘डिस्को दांडिया’ लोकप्रिय केला. तेथे जिवंत तालवाद्ये आणि इलेक्ट्रॉनिक वाद्ये शेजारी बसली. दोन्ही उदाहरणे मुंबईची आहेत. म्हणजे दुसरा मार्ग आपल्याच अंगणात होता.

समारोप

वेग हे तीव्रतेचे एक साधन आहे, तिचा पर्याय नव्हे. माणसाच्या पावलाशी जुळणारा वेग नाच सुरू करून देतो; त्यापुढील काम घनता, मोकळी जागा, खालचा सूर आणि चढणीचा क्रम यांनी करावयाचे असते. उत्तम इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत हेच करते. आपल्या उत्सवांतील डीजेने त्याचा वेग आणि आवाज तेवढा घेतला, लयविचार मागे राहिला.

या विवेचनाला प्रत्यक्ष मोजणीची जोड मिळणे इष्ट आहे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी एखाद्या नवरात्रीत दर दहा मिनिटांनी ठेक्याचा वेग, ध्वनीची पातळी आणि रिंगणातील माणसांची संख्या नोंदवली, तर चढणीचा आलेख हाती येईल. त्यासाठी घड्याळ, वही आणि मोबाइलवरील ध्वनिमापक एवढीच साधने पुरेशी आहेत. असा आलेख उत्सव मंडळांपुढे ठेवला, तर आवाज कमी करण्याची विनंती करताना तीव्रता कशी वाढवावी हेही त्यांना सांगता येईल. नुसत्या मनाईपेक्षा हा संवाद अधिक फलदायी ठरेल, असे वाटते.